सेकंडहँड गाडी: ९९८ की ११९७?

घरात पहिली चारचाकी यायची ठरते आणि ‘तू जरा मोबाइलवर बघ गं’ म्हणत चेकिंगची जबाबदारी थेट आपल्यावर येऊन पडते. पण बघायचं काय? रंग, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम सोडून गाडीत वाचण्यासारखं बरंच काही असतं. फक्त ते कुठे लिहिलंय हे माहीत हवं.

दिवाळीनंतरचा रविवार. बाबा, आई आणि मी पुण्यातल्या एका सेकंडहँड गाड्यांच्या डीलरकडे उभे होतो. आम्ही सासवडचे. बजेट चार लाखांच्या आत आणि गाडी आधीच ठरलेली. वॅगन आर, पेट्रोल, १.२ लिटरचं इंजिन. ‘१.२ च हवं’ हा बाबांचा हट्ट होता आणि त्याचं कारण होतं दिवे घाट. आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे हडपसरला न्यायचं, म्हणजे गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि परत येताना घाटाची चढण. गाडी दम टाकायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

समोर पांढरीशुभ्र वॅगन आर उभी होती. काचेवर कार्ड लावलेलं, ‘२०१९, व्हीएक्सआय, १.२, सिंगल ओनर, ४२,००० किमी’. डीलरने चहा मागवला. ‘दोन्ही एअरबॅग आहेत, पेपर क्लिअर आहेत, शोरूम कंडिशन आहे. फक्त संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय हो साहेब.’ झालं! बाबांनी खिशातून १० हजार काढून बयाणा दिला. पावतीवर लिहिलं गेलं, ‘वॅगन आर, पांढरी. बयाणा १०,०००.’

मी काय केलं? चार फोटो काढले आणि फॅमिली ग्रुपवर टाकले.

रात्री डीलरकडून आरसीचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला. सहज झूम करून वाचत होते. ‘क्युबिक कपॅसिटी’च्या रकान्यात आकडा होता ९९८. १.२ लिटरच्या इंजिनाचा आकडा ११९७ असायला हवा. इंजिन नंबर बघितला तर त्याची सुरुवातच ‘के१०बी’ अशी. म्हणजे कार्डवर १.२ आणि गाडीत १.०.

## नाव एक, गाड्या अनेक

ही फसवणूक होती की डीलरचा आळस, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण असं होऊ शकतं, याचं कारण साधं आहे. २०१९ च्या जानेवारीत नवी वॅगन आर आली, तेव्हा ‘व्हीएक्सआय’ हे एकच नाव दोन इंजिनांना होतं. एक ९९८ सीसीचं, दुसरं ११९७ सीसीचं. बाहेरून पाहून फरक कळणं अवघड. पण छोटं इंजिन साधारण ६८ पीएसचं आणि मोठं ८३ पीएसचं. सपाट रस्त्यावर एकट्याने गाडी चालवणाऱ्याला कदाचित काही वाटणार नाही, पण पाच जणांना घेऊन घाट चढणाऱ्याला ते नक्की जाणवेल.

एअरबॅगचंही तेच. त्या वर्षीच्या वॅगन आरमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या गाड्यांना होती. शेजारच्या सीटची मात्र वरच्या झेडएक्सआयमध्ये सरसकट आणि खालच्या व्हेरिएंटमध्ये ऑप्शनल. मी काढलेल्या फोटोंमध्ये डॅशबोर्डचाही एक फोटो होता. स्टीअरिंगवर ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरं होती. डावीकडे, म्हणजे जिथे आई बसणार तिथे, काहीच नव्हतं.

ही भानगड एका मॉडेलपुरती नाही. आपण ‘स्विफ्ट घेतली’, ‘आय टेन घेतली’ असं म्हणतो, पण प्रत्येक नावाखाली पाच-सहा व्हेरिएंट आणि दोन-तीन पिढ्या असतात. त्यात वर्षागणिक सरकारी नियमही बदलत गेले. ढोबळ हिशेब असा:

- एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारमध्ये एबीएस सक्तीचं झालं.
- जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्ट लावला नाही तर वाजणारा बझर, वेग वाढल्याची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर आले.
- एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिनं.
- २०२२ सुरू होताना नव्या विक्रीत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या झाल्या.

म्हणजे ‘२०१९ चं मॉडेल’ एवढंच ऐकून काही कळत नाही. फेब्रुवारीतली गाडी आणि ऑगस्टमधली गाडी यांच्यात जीव वाचवणाऱ्या गोष्टींचाच फरक असू शकतो.

## आरसी वाचायची कशी?

आपल्यापैकी बहुतेकांनी आरसी फक्त ट्रॅफिक पोलिसाला दाखवण्यापुरती हातात घेतलेली असते. गाडी घेताना मात्र ती ओळ न् ओळ वाचायची. मूळ कार्ड मागा किंवा विकणाऱ्याच्या डिजिलॉकरमधली आरसी बघा. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत अशी बरीच माहिती मिळते. पण तिथे मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही.

क्युबिक कपॅसिटी: आमच्या बाबतीत सगळं इथेच उघडं पडलं. जी गाडी बघताय, तिच्या इंजिनाचा नेमका सीसी घरूनच शोधून जा आणि हा आकडा त्याच्याशी ताडून बघा.

उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख: या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये बनलेली गाडी शोरूममध्ये पडून राहिली आणि मे २०१९ मध्ये पासिंग झाली, तर बाजारात ती ‘२०१९ ची’ म्हणून विकली जाते. वयाने मात्र ती २०१८ ची असते. भाव करताना हे हुकमी पान.

इंधन: ‘पेट्रोल/सीएनजी’ लिहिलंय आणि डिकीत सिलिंडर नाही? मग किट कधी काढलं, का काढलं, ते विचारा. उलट सिलिंडर आहे आणि आरसीवर नुसतं पेट्रोल, तर किटची आरटीओत नोंदच झालेली नाही. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, तिचं सर्टिफिकेटही मागा.

ओनर सीरियल: ‘सिंगल ओनर’ खरं की खोटं, ते इथे कळतं.

हायपोथिकेशन: इथे बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर गाडीवर बोजा आहे. कर्ज फिटलंय असं तोंडी सांगून उपयोग नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात हवा. तो आरटीओत गेल्याशिवाय नाव निघत नाही.

विम्याची पॉलिसीही मागून घ्या. तिच्यावर मॉडेल, व्हेरिएंट, सीसी आणि उत्पादनाचं वर्ष छापलेलं असतं. आरसी आणि पॉलिसी एकच गोष्ट सांगत असतील तर ठीक. दोघींचं जुळत नसेल तर थांबा. जाता जाता अजून एक, ‘नो क्लेम बोनस ५० टक्के आहे, तुम्हालाच मिळेल’ असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो आणि जुन्या मालकाबरोबरच जातो.

## सतरा अक्षरांची कुंडली

आता गाडीकडे वळू. आरसीवर जो चॅसी नंबर असतो, तोच गाडीच्या पत्र्यावर कोरलेला असतो. कुठे बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर, कुठे पुढच्या सीटखाली. गाडीनुसार जागा बदलते, गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. हा नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण १ आणि ० बरोबर गोंधळ होतो.

पहिली तीन अक्षरं गाडी कुणी बनवली ते सांगतात. ‘एमए३’ म्हणजे मारुती सुझुकी, ‘एमएएल’ म्हणजे ह्युंदाई, ‘एमएटी’ म्हणजे टाटा. बहुतेक कंपन्यांच्या नंबरात दहावं अक्षर वर्षाचं असतं. जे म्हणजे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२. ओ गाळलेला असल्याने २०२३ साठी थेट पी. एकदा हे कळलं की पार्किंगमधली कुठलीही गाडी बघताना हात शिवशिवतात, सांगून ठेवते!

पत्र्यावरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर एक एक अक्षर करत जुळवा. आजूबाजूला घासल्याच्या खुणा, वेल्डिंग, किंवा अक्षरांचा आकार वेगवेगळा दिसला तर तिथूनच घरी परत. किंमत कितीही कमी असू दे.

मग बाकीच्या तारखा बघायच्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. गाडी २०१९ ची, धावली म्हणे १५ हजार किलोमीटर आणि चारही टायर २०२४ चे? मग आधीचे टायर एवढ्यात झिजले कसे, हा प्रश्न विचारायलाच हवा. सीटबेल्ट पूर्ण ओढला की खाली शिवलेल्या पट्टीवर बऱ्याचदा तारीख असते. खिडक्यांच्या काचांवर कंपनीची खूण असते. सगळ्या काचा एका कंपनीच्या आणि एकच वेगळी असेल तर ती बदलली आहे. दगड लागून फुटलेली असू शकते, अपघातात गेलेलीही असू शकते. का बदलली, एवढं विचारा.

एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट कंपनीकडूनच आलेली असते. तिच्याबरोबर पुढच्या काचेला आतून एक स्टिकर असतो. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी. बीएस-६ गाडी असेल तर त्याच्या वरच्या कडेला हिरवी पट्टी. त्यावरचा गाडी नंबर आणि नोंदणीची तारीख आरसीशी जुळते का, हे बघायला दहा सेकंद पुरतात.

## किलोमीटर आणि पाणी

मीटर मागे फिरवणं हा जुना धंदा आहे. डिजिटल मीटर आले म्हणून तो बंद झालेला नाही. त्यामुळे मीटरवरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसची नोंद महत्त्वाची. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी किलोमीटर लिहिले जातात. मालकाच्या संमतीने ती हिस्टरी मागा आणि आकडे चढत्या क्रमाने आहेत का ते बघा. मधे दोन वर्षांची गॅप असेल तर प्रश्न विचारा. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टीअरिंग चकाकतंय आणि मीटर म्हणतंय २० हजार, तर खरं कोण बोलतंय ते उघड आहे.

आपल्याकडे पुराचा मुद्दाही आहेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुवून-पुसून दुसऱ्या शहरात विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, सगळ्या काचा बंद केल्यावर कुबट वास येतो का, हे बघा. अत्तराचा घमघमाट असेल तर जास्तच बघा.

चावी फिरवली, पण इंजिन सुरू केलं नाही, की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. विझलाच नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही, तर बिघाड लपवलाय का, हा संशय घ्यायला जागा आहे.

आणि एवढं करूनही, ओळखीचा मेकॅनिक सोबत न्याच. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघण्याचं काम मोबाइल करू शकत नाही.

## डीलरला काय विचारायचं?

डीलरकडून गाडी घेणं वाईट अजिबात नाही. चार गाड्या एका जागी बघता येतात आणि कागदपत्रांची धावपळ वाचते. पण डीलरसाठीही आता नियम आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी नोंद पोर्टलवर करायची असते. मग तो गाडीचा ‘मानीव मालक’ ठरतो, म्हणजे त्या काळात गाडीची जबाबदारी त्याची. ती गाडी तो टेस्ट ड्राइव्ह, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा रंगकाम अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढू शकतो.

म्हणून पहिला प्रश्न, ‘तुमचं आरटीओचं प्रमाणपत्र दाखवता का?’ आणि दुसरा, ‘ही गाडी तुमच्या ताब्यात आल्याची नोंद झाली आहे का?’ हे विचारताना मला जाम ऑकवर्ड झालं होतं. समोरचा माणूस बाबांच्या वयाचा, वर चहा पाजलेला. पण चार लाखांच्या व्यवहारात दोन प्रश्न म्हणजे उद्धटपणा नव्हे. चांगला डीलर उलट खूश होतो, हे नंतर अनुभवलं.

व्यवहार झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आपल्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. जुन्या ई-चलानांची थकबाकीही आधीच बघून घ्या. मजा कुणी केली आणि दंड कुणी भरला, असं नको.

## त्या १० हजारांचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. काचेवरचं कार्ड गायब होतं. मी आरसी दाखवली. डीलर म्हणाला, ‘ताई, वन पॉइंट झीरो काय अन् वन पॉइंट टू काय, गाडी तीच ना! घ्यायची नसेल तर बयाणा परत मिळत नाही.’ आमच्याकडे पुरावा काय? पावतीवर फक्त ‘वॅगन आर, पांढरी’. आणि खरंच, गाडी वॅगन आर होती, पांढरी होती. मग आठवलं, मी काढलेल्या फोटोंपैकी एकात काचेवरचं कार्ड अर्धवट आलं होतं. त्यात ‘१.२’ स्पष्ट दिसत होतं. तो दाखवला, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्याच्यासमोर मोबाइलवर टाइप केला. तासभर वाद झाला. शेवटी पाच हजार परत मिळाले. बाकीचे ‘ऑफिस खर्च’.

येताना बसमध्ये बाबा गप्प होते. हडपसर सोडल्यावर एवढंच म्हणाले, ‘माणूस चांगला वाटला गं.’ मला राग त्या डीलरपेक्षा स्वतःचा आला. ज्या मोबाइलवर मी आरसी वाचली, तो सकाळीही माझ्या हातातच होता.

दोन महिन्यांनी पिंपरीतल्या एका डीलरकडून आम्ही गाडी घेतली. २०२० ची, चॅसी नंबरात दहावं अक्षर एल, आरसीवर ११९७ आणि पुढे दोन्ही एअरबॅग. बजेटच्या थोडी बाहेर गेली. या वेळी बयाण्याची पावती मी सांगितली आणि डीलरने शब्दन् शब्द लिहून दिली. आजी आता पुढे बसते आणि घाट लागला की विचारते, ‘ही तीच का गं, जास्त आकड्याची?’

बयाण्याच्या पावतीवर हे लिहून घ्या

- गाडीचा नंबर, पूर्ण चॅसी नंबर आणि इंजिन नंबर
- मॉडेल, व्हेरिएंट, सीसी, इंधन
- उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख
- एअरबॅग किती, एबीएस आहे की नाही
- मीटरवरचे किलोमीटर, मालक कितवा, बोजा आहे की नाही
- ‘यातली कोणतीही माहिती चुकीची निघाल्यास बयाणा पूर्ण परत’ हे वाक्य, खाली सही, शिक्का आणि तारीख

आणि हो, काचेवरच्या कार्डचा फोटो काढायला विसरू नका. या वेळी पूर्ण काढा!